‘विरोध’ या एका शब्दात काय काय दडते?

लसीकरणाच्या बातम्यांची भाषा : एक चिकित्सा

लसीकरणाची मोहीम निघाली की वर्तमानपत्रांत काही ठरावीक शब्द दिसू लागतात. ‘लसीकडे पाठ’, ‘लसीकरणाला विरोध’, ‘गैरसमजातून नकार’, ‘अत्यल्प प्रतिसाद’, ‘प्रशासनाचा दणका’. पोलिओच्या फेऱ्यांच्या वेळी हे शब्द होते, गोवर-रुबेलाच्या वेळी होते, कोविडच्या वेळीही होते. वाचून वाचून ते इतके अंगवळणी पडले आहेत, की त्यांतून नेमके काय सांगितले जाते आणि काय गाळले जाते याकडे आपले लक्षच जात नाही.

या लेखात आम्ही लशींचे गुणदोष तपासणार नाही. लशीमुळे देवीचा रोग जगातून नाहीसा झाला. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. लशींच्या उपयोगाबद्दल आमच्या मनात शंका नाही. आम्हांला तपासायची आहे ती बातमीची भाषा. एखादे मूल लशीवाचून राहिले तर ते का राहिले, याचा निकाल ही भाषा परस्पर लावून टाकते. कारण चुकीचे ठरले की उपायही चुकतो, आणि त्याची किंमत ते मूल मोजते.

एक नमुना बातमी

पुढील मजकूर आम्हीच नमुना म्हणून रचला आहे. त्यात कोणत्याही वर्तमानपत्राचे वाक्य नाही. मात्र वाचकांना तो ओळखीचा वाटेल अशी आमची खात्री आहे.

‘गावकऱ्यांची लसीकडे पाठ. गैरसमजामुळे मोहिमेला विरोध. शासनाने गावोगावी लसीकरण मोहीम राबवूनही या गावात लसीकरणास अत्यल्प प्रतिसाद मिळत आहे. ग्रामस्थांमध्ये लसीबाबत गैरसमज असल्याने ते विरोध करीत असल्याचे आरोग्य विभागाच्या सूत्रांनी सांगितले. पथक गावात येताच अनेक जण शेतात निघून जातात. एकूण लाभार्थ्यांपैकी केवळ निम्म्यांनी लस घेतली असून, विरोध मोडून काढण्यासाठी कडक पावले उचलण्याचा इशारा प्रशासनाने दिला आहे.’

आता ही बातमी सावकाश वाचू. तिच्यात बोलते कोण? ‘सूत्रे’ आणि ‘प्रशासन’. गावातला एकही माणूस बोलत नाही. ज्याने लस घेतली नाही त्याच्या मनात गैरसमज आहे, हे आपल्याला लस देणाऱ्याकडून कळते. परीक्षेत नापास झालेल्या मुलाने अभ्यास का केला नाही हे फक्त शिक्षकाला विचारून लिहिण्यासारखाच हा प्रकार झाला.

‘पथक येताच अनेक जण शेतात निघून जातात’ या वाक्यात पळून गेल्याचा सूर आहे. पथक किती वाजता आले हे बातमीत नाही. सकाळी दहा-अकराला आले असेल, आणि दिवस सोयाबीनच्या काढणीचे वा कापसाच्या वेचणीचे असतील, तर माणसे शेतातच असणार. पथक आले म्हणून ती गेली, की ती गेल्यावर पथक आले? ‘येताच’ हा एक शब्द त्या प्रश्नाचे उत्तर पुरावा न देता देऊन मोकळा होतो.

तिसरी गोष्ट टक्केवारीची. ‘निम्म्यांनी घेतली’ म्हणजे कशाच्या निम्म्यांनी? अपूर्णांक शिकवताना आपण छेदाकडे लक्ष द्यायला सांगतो. इथे छेद हा बहुधा लोकसंख्येचा अंदाज असतो. कोविडच्या वेळी २०११ च्या जनगणनेवरून पुढे वाढवत नेलेले अंदाज वापरावे लागले, कारण २०२१ ची जनगणना झालीच नव्हती. शिवाय गावचा जो माणूस पुण्याला कामाला असताना तिथे लस घेई, त्याची नोंद पुण्याच्या खात्यावर पडे. गावाच्या छेदात तो आहे, अंशात मात्र नाही. असा माणूस कागदावर ‘लसीकडे पाठ फिरवणारा’ ठरतो.

पाच माणसे, एक शब्द

लस न घेतलेल्या माणसांचे आमच्या मते निदान पाच प्रकार करता येतात.

पहिला, ज्याच्यापर्यंत लस पोचलीच नाही. उपकेंद्रातील परिचारिकेचे पद रिकामे आहे, किंवा कुटुंब दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेले आणि उन्हाळा लागताना परतले. दरम्यान बाळाचे नववा महिना हे गोवराच्या पहिल्या मात्रेचे वय उलटून गेले.

दुसरा, ज्याला जमले नाही. लस घेतल्यावर एखाददोन दिवस ताप येतो हे त्याला ठाऊक आहे. पगारी रजा असलेल्याला तो ताप परवडतो. रोजंदारीवाल्याला तो दोन दिवसांच्या मजुरीएवढा पडतो.

तिसरा, ज्याला भीती वाटते. मागच्या मात्रेनंतर बाळ रात्रभर रडले, मांडीला गाठ आली, आणि असे होऊ शकते हे आधी कुणी सांगितले नव्हते.

चौथा, ज्याला प्रश्न आहेत. मधुमेह आहे, चालेल का? गरोदरपणात घ्यावी का? समाधानकारक उत्तर मिळाले तर तो घेईल. ‘सांगतो तेवढे करा’ हे उत्तर मिळाले तर घरी जाईल.

पाचवा, जो विचार करून नकार देतो आणि इतरांनाही देऊ नका म्हणून सांगतो.

मराठीत ‘विरोध’ हा शब्द खरे तर या पाचव्यालाच लागू पडतो. बातमी मात्र पाचही जणांना त्याच शब्दात बसवते. पहिल्याला लस हवी, दुसऱ्याला सोयीची वेळ हवी, तिसऱ्याला धीर हवा, चौथ्याला उत्तर हवे. ‘विरोध मोडून काढणे’ हा उपाय या चौघांपैकी एकाच्याही उपयोगाचा नाही. पाचव्यावर त्याचा परिणाम बहुधा उलटाच होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या एका तज्ज्ञ गटाने २०१४ मध्ये या विषयाची व्याख्या केली. लस-साशंकता म्हणजे लसीकरणाची सेवा उपलब्ध असूनही लस घेण्यास विलंब करणे किंवा ती नाकारणे, असा तिचा आशय आहे. ‘सेवा उपलब्ध असूनही’ ही त्या व्याख्येची अट आहे. आधी सेवा उपलब्ध होती हे दाखवा, मग माणसाच्या मनाकडे बोट दाखवा. आपल्या बातम्यांतून गळते ती नेमकी हीच अट.

नोव्हेंबर २०२१ : आमच्या जिल्ह्याची गोष्ट

जवळचेच उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगरचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिल्ह्यातील पात्र लोकांपैकी सुमारे ५५ टक्के लोकांनी कोविड लशीची निदान एक मात्रा घेतली होती. राज्याचे प्रमाण तेव्हा ७४ टक्के होते आणि जिल्हा ३६ जिल्ह्यांत २६ व्या क्रमांकावर होता. जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला, की रेशन दुकाने, पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सी यांनी एक तरी मात्रा घेतल्याचे प्रमाणपत्र पाहूनच माल द्यावा. अजिंठा, वेरूळ, बीबी का मकबरा यांसारख्या पर्यटनस्थळांनाही तो लागू होता. देशभर त्याची बातमी झाली.

जिल्हा मागे होता ही गोष्ट खरी, आणि दुसरी लाट ताजी असताना प्रशासनाला घाई वाटली तर त्यात नवल नाही. आमचा मुद्दा बातमीपुरता आहे. ५५ या आकड्यावरून उरलेल्या ४५ जणांबद्दल आपल्याला काय कळले? त्यांनी लस घेतली नव्हती, एवढेच. ते वरील पाचांपैकी कोणत्या प्रकारात किती होते हे त्या आकड्यात नव्हते. तरीही ‘उदासीनता’, ‘गैरसमज’ आणि ‘विरोध’ हे शब्द त्या ४५ जणांना सरसकट चिकटले.

त्याच वर्षाचा मे महिना आठवून पाहा. १८ ते ४४ वयोगटासाठी १ मेपासून लसीकरण खुले झाले, आणि पुरेशा लशी नसल्याने महाराष्ट्राला त्या वयोगटाचे लसीकरण दोन आठवड्यांच्या आत थांबवावे लागले. केंद्रांवर लोक होते, लस नव्हती. नोव्हेंबरात लस होती आणि लोक येत नव्हते. या सहा महिन्यांत काय बदलले हा बातमीदाराचा पहिला प्रश्न असायला हवा होता. लाट ओसरली आणि भीती उतरली. खरिपाचा हंगाम आला. ज्यांना घ्यायचीच होती त्यांची घेऊन झाली. उरलेल्यांत ज्यांचे घर केंद्रापासून दूर, ज्यांच्याकडे नोंदणीला स्मार्टफोन नाही, ज्यांचा दिवस बुडतो, अशांचे प्रमाण साहजिकच वाढले असणार. त्याच नोव्हेंबरात देशभर ‘हर घर दस्तक’ ही घरोघर जाऊन लस देण्याची मोहीम सुरू झाली. माणूस केंद्रावर येत नसेल तर लशीने त्याच्याकडे जावे, या कल्पनेतच असे गृहीत आहे, की न येणारा प्रत्येक जण विरोधक नसतो.

आता ‘दणका’ या शब्दाकडे वळू. रेशन अडवल्यावर एखाद्याने मुकाट्याने लस घेतली, तर बातमी म्हणते, दणका बसला, विरोध मावळला. तर्काने पाहा. पाच किलो धान्यासाठी जो लगेच लस घेतो, तो कट्टर विरोधक असण्याचा संभव फार कमी. तो बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या प्रकारातला माणूस होता. रेशन दुकानाच्या ओट्यावरच संध्याकाळी लसीकरण ठेवले असते, तरी त्याने घेतली असती. आणि ज्याच्या घरी रेशनचे धान्य येतच नाही, असा सुखवस्तू विरोधक या आदेशाच्या टप्प्याबाहेरच राहतो. म्हणजे दणका कुणाला बसला, याची चौकशी त्या शब्दातच बंद होऊन जाते.

पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी शासन योग्य प्रमाणात निर्बंध घालू शकते. याच निकालात न्यायालयाने लसीकरणाचे धोरण मनमानी नसल्याचेही म्हटले. ‘सक्ती नाही’ एवढेच ज्याने वाचले त्याला अर्धाच निकाल कळला.

शून्य आणि पूर्ण यांच्यामधली मुले

बालकांच्या नियमित लसीकरणाकडे आलो म्हणजे ‘विरोध’ हा शब्द किती तोकडा आहे हे आकड्यांतूनच दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १२ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी ७६.४ टक्के बालकांना सर्व मूलभूत लशी मिळाल्या होत्या. म्हणजे सुमारे २४ टक्के बालके अपुऱ्या लसीकरणाची. पण एकही लस न मिळालेली बालके किती? सुमारे ४ टक्के. मधली २० टक्के बालके अशी, की त्यांच्या आईबापांनी एक तरी लस दिली होती आणि पुढे कुठेतरी खंड पडला. ज्याने एक सुई टोचून घेतली त्याला सुईचा विरोधक कसे म्हणावे? आणि त्या ४ टक्क्यांतही सगळे विरोधक नाहीत. पहिल्या प्रकारातले, लस न पोचलेले, त्यांतच मोडतात.

दुसरा आकडा पाहा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये भारतात २७ लाख बालकांना घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लशीची पहिली मात्राही मिळाली नव्हती. २०२२ मध्ये ही संख्या ११ लाखांवर आली. २०२३ मध्ये ती पुन्हा १६ लाख झाली. कारण लोकांचे मन हेच असते, तर एका वर्षात १६ लाख कुटुंबांच्या मनातला अंधार दूर झाला आणि पुढच्याच वर्षी ५ लाख कुटुंबांच्या मनात तो परत आला, असे मानावे लागेल. मने अशी वर-खाली होत नाहीत, सेवा होते. कोविडकाळात आरोग्य कर्मचारी दुसऱ्या कामाला जुंपले गेले, नियमित सत्रे चुकली, आणि नंतर ती भरून काढली गेली, ही कारणमीमांसा अधिक पटण्याजोगी आहे.

या खंडाची किंमत महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस मोजली. ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईच्या गोवंडीत काही बालके गोवराच्या साथीत दगावली. पुढे मालेगाव, भिवंडी आणि आमच्या शहरातही रुग्ण आढळले. गोवर इतका संसर्गजन्य आहे, की साथ रोखायला समाजातील सुमारे ९५ टक्के बालकांना दोन्ही मात्रा मिळालेल्या असाव्या लागतात. तेवढ्याने उरलेल्या पाच जणांचेही रक्षण होते. हे प्रमाण थोडे घसरले तरी विषाणूला वाट मिळते. गोवंडीच्या बातम्यांत पालकांच्या नकाराचा उल्लेख ठळक होता. तेथील दाट वस्ती, कुपोषण आणि दोन वर्षांत चुकलेली सत्रे यांना मात्र खालचा परिच्छेद मिळाला. नकार मुळीच नव्हता असे आम्ही म्हणत नाही. तो किती होता हे मोजण्यापूर्वीच मथळ्याने त्याला पहिला नंबर दिला, एवढेच आमचे म्हणणे.

‘अंधश्रद्धा’ म्हणण्यापूर्वी

‘लस घेतली की मूल होत नाही’ ही अफवा पोलिओच्या काळात होती, गोवर-रुबेलाच्या काळात होती, कोविडच्या काळातही होती. ती खोटी आहे. बातम्या तिला ‘अंधश्रद्धा’ म्हणून पुढे जातात. पण नेमकी हीच अफवा पुन्हा पुन्हा का उगवते? लस घेतली की केस गळतात अशी अफवा का टिकत नाही?

त्याचे एक उत्तर आपल्या अलीकडच्या इतिहासात आहे. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करणारे पहिले विधिमंडळ महाराष्ट्राचे होते; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. अनेक राज्यांत रेशन, परवाने आणि पगारवाढी नसबंदीच्या प्रमाणपत्राशी जोडल्या गेल्या होत्या. ‘केसेस’ आणण्याचे उद्दिष्ट शिक्षकांच्याही डोक्यावर होते. जुन्या पिढीतील शिक्षकांना ते आठवत असेल. सरकारी माणूस वही घेऊन दारात येतो, अंगावर काहीतरी करून घ्या म्हणतो आणि नाहीतर रेशन अडेल असे सांगतो, हा अनुभव एका पिढीने घेतला आणि पुढच्या पिढीला सांगितला. लस आणि नसबंदी या गोष्टी सर्वस्वी वेगळ्या आहेत. पण दारातला माणूस, वही आणि धमकी सारखीच दिसली, तर जुनी आठवण जागी होणारच. हिला अंधश्रद्धा म्हणणे म्हणजे आठवणीलाच अडाणीपणा म्हणणे होय. अफवा खोडायची तर आठवण मान्य करून पुढे जावे लागते.

चुका आजही घडतात. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पोलिओच्या मोहिमेत १२ बालकांना लशीच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. बालके वाचली, संबंधितांवर कारवाई झाली. पण त्या परिसरातल्या एखाद्या आईने पुढच्या फेरीत ‘आधी बाटली दाखवा’ म्हटले, तर तिला काय म्हणायचे? आम्ही तर तिला वैज्ञानिक दृष्टिकोन असलेली बाई म्हणू.

याहून जुने उदाहरण मुंबईत बनलेल्या प्लेगच्या लशीचे. हाफकिन यांनी ही लस १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःला टोचून घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना ती टोचली गेली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सर्व जण एकाच बाटलीतून लस टोचलेले होते. दोष प्रयोगशाळेच्या माथी आला आणि हाफकिन यांना काम सोडावे लागले. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे नंतर पुढे आले. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून त्यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले. लस निर्दोष होती, टोचणी सदोष होती. हा भेद सांगायला पाच वर्षे लागली. दरम्यान पंजाबातला शेतकरी टोचून घ्यायला बिचकला असेल, तर तो विज्ञानाचा विरोधक होता का?

कुणाचा ‘आक्षेप’, कुणाचा ‘गैरसमज’

नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती होती, आणि पालकांना तोंड देण्याचे काम शिक्षकांवरच आले होते. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील मोहिमेत पालकांची संमती आवश्यक असल्याचे म्हटले. न्यायालयात गेलेले पालक बातमीत ‘आक्षेप’ घेतात, ‘चिंता’ व्यक्त करतात, ‘संमतीचा प्रश्न’ उपस्थित करतात. झोपडपट्टीतली आई नेमका तोच प्रश्न परिचारिकेला विचारते, तेव्हा तो ‘गैरसमज’ होतो. प्रश्न एकच, पत्ता बदलला की शब्द बदलतो.

‘विशिष्ट समाज’ हा शब्दप्रयोग याच जातीचा. नाव न घेता सर्वांना कळेल असे नाव घेण्याची ती रीत आहे. एखाद्या वस्तीत लसीकरण कमी असेल, तर तिथले आरोग्य केंद्र किती लांब आहे, त्या केंद्रातली माणसे तिथली भाषा बोलतात का, तिथे किती सत्रे झाली, हे मोजता येते. ‘विशिष्ट समाजाचा विरोध’ असे लिहिले की मोजण्याची गरजच संपते. याउलट उत्तर प्रदेश व बिहारमध्ये पोलिओची शेवटची लढाई जिंकली गेली, ती त्याच वस्त्यांतल्या बायकांना, मौलवींना आणि शिक्षकांना बरोबर घेऊन. बातमीने ज्यांना अडथळा म्हटले, त्यांच्यातूनच मोहिमेचे कार्यकर्ते उभे राहिले.

‘नंतर’ आणि ‘मुळे’

जी वर्तमानपत्रे लोकांच्या गैरसमजावर टीका करतात, त्यांच्याच पानांवर ‘लस घेतल्यानंतर मृत्यू’ असे मथळेही येतात. ‘नंतर’ हा शब्द काटेकोरपणे खरा असतो. वाचक तो ‘मुळे’ असा वाचतो.

हे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. आपल्या देशात दरवर्षी दर हजारी सुमारे सहा माणसे मरण पावतात. म्हणजे १०,००० लोकांत वर्षाला ६०, आठवड्याला एखादा. आता एका दिवशी १०,००० लोकांना लशीऐवजी नुसते साखरपाणी दिले, तरी पुढच्या आठवड्यात त्यांतला सरासरी एक जण दगावेलच. हे १०,००० जण वृद्ध असतील, तर कितीतरी अधिक. मृत्यू लशीमुळे झाला का हे ठरवायला तपास लागतो. तो तपास कधी ‘हो’ असेही सांगतो. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय समितीने कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या संभाव्य घटनांचे प्रमाण दर दहा लाख मात्रांमागे ०.६१ असल्याचे सांगितले. धोका अत्यल्प आहे, पण शून्य नाही. हे सरळ सांगणारी बातमी वाचकाला शहाणे करते. एके दिवशी ‘मृत्यू’ असा मोठा मथळा आणि दुसऱ्या दिवशी ‘लोक अडाणी’ असा अग्रलेख, या दोन्हींमधून वाचकाच्या हाती फक्त संशय उरतो.

खरा विरोध असतो तेव्हा

आमच्या लेखाचा कुणी असा अर्थ काढू नये, की विरोध नावाची गोष्टच नाही. ती आहे, आणि तिने जीव घेतले आहेत. १९९८ मध्ये वेकफील्ड आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अवघ्या १२ मुलांवरील निबंधातून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवर संशय निर्माण केला. तो निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि वेकफील्ड यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. मधल्या बारा वर्षांत ब्रिटनमधल्या अनेक वर्तमानपत्रांनी ‘दोन्ही बाजू’ म्हणून एका बाजूला हजारो मुलांवरील अभ्यास आणि दुसऱ्या बाजूला हा एक निबंध समान मापाने छापला. तराजूच्या एका पारड्यात डोंगर आणि दुसऱ्यात खडा ठेवून काटा मध्ये धरण्याला समतोल म्हणत नाहीत.

म्हणूनच ‘विरोध’ हा शब्द जपून वापरायला हवा. जो जाणूनबुजून खोटे पसरवतो त्याला तो पूर्ण वजनाने लागला पाहिजे. रोजंदारी बुडेल म्हणून न आलेल्या बाईलाही आपण तोच शब्द लावला, तर ती उगाचच त्या खोटारड्याच्या रांगेत उभी राहते आणि त्याला फुकटचा जमाव मिळतो.

बातमीदारांची अडचणही आम्हांला ठाऊक आहे. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजे मिळते, संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची असते, आणि आरोग्य खात्याचे पत्रक हातात तयार असते. पत्रकातला ‘विरोध’ तसाच मथळ्यात चढतो. पण दोन ओळींची जागा आणि एका माणसाला विचारलेला एक प्रश्न, एवढ्यानेही फरक पडेल. ‘निम्म्या लोकांनी अजून लस घेतलेली नाही’ हे वाक्य ‘निम्म्या लोकांचा लसीला विरोध’ या वाक्यापेक्षा लांब नाही. ते अधिक खरे मात्र आहे.

वर्गात करून पाहा

आठवी ते बारावीच्या मुलांकडून हा उपक्रम एका तासात करून घेता येतो. लसीकरणावरील कोणत्याही पाच बातम्या कात्रण करून आणायला सांगा. प्रत्येक बातमीला पाच प्रश्न विचारा. बोलते कोण, आणि ज्याच्याविषयी बातमी आहे तो बोलतो का? टक्केवारी दिली असेल तर छेद कोणता? लस उपलब्ध होती, याचा पुरावा बातमीत आहे का? ‘नंतर’चे ‘मुळे’ झाले आहे का? आणि ‘विरोध’ हा शब्द आला असेल, तर आपल्या पाच माणसांपैकी तो कोणाविषयी आहे?

त्यानंतर त्याच मजकुराची बातमी मुलांना पुन्हा लिहायला सांगा. वर्गात ऊसतोडीहून परतलेली मुले असतील, तर त्यांना आधी बोलू द्या. आपली कोणती लस कशामुळे राहिली हे त्यांच्याइतके नेमके कोणत्याही ‘सूत्रांना’ माहीत नसते. आणि बोलता बोलता एखाद्याची मात्रा राहिल्याचे निघाले, तर त्याला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.